डेन्मार्कात त्याला व्हिएन्नाचा पाव म्हणतात

आमच्या घरी ओटीजी आला तो कन्येच्या हट्टापायी. वर्षभर त्यात केक आणि नानकटाया झाल्या, मग एके दिवशी तिने जाहीर केले, "बाबा, आता डॅनिश करायचे." पणजीतल्या एका कॅफेत तिने ते खाल्ले होते. चौकोनी, चकचकीत, मध्ये पिवळे कस्टर्ड, आणि चावले की अंगभर पापुद्रे. मी आपला सरकारी कचेरीतला कारकून, बी.ए. इतिहास. मला लोणी लाटण्यापेक्षा हे नाव कुठून आले यातच जास्त रस. तिने पीठ मळायला घेतले आणि मी पुस्तके व नेट चाळायला. दोघांचेही हात बरेच दिवस चिकट राहिले.

पहिला धक्का असा की डेन्मार्कात डॅनिश पेस्ट्री नावाचा पदार्थच नाही! तिथे बेकरीत जाऊन मागायचे ते 'वीनरब्रोड', म्हणजे व्हिएन्नाचा पाव. बरे, व्हिएन्नात जाऊन विचारावे तर तिथले लोक म्हणतात, हे तर 'कोपनहागनर', कोपनहेगनचे! दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे. आपल्याकडे लग्नात भांडण कोणी सुरू केले हे विचारल्यावर होते तसे.

अशा नावांची गंमत जगभर आहे. टर्की नावाचा पक्षी घ्या. मूळ अमेरिकेचा. इंग्रज त्याला तुर्कस्तानचा म्हणतात, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, फ्रेंच 'दँद' म्हणजे भारताचा, पोर्तुगीज 'पेरू', आणि आपले हे डॅनिश लोक त्याला म्हणतात 'कालकून', म्हणजे चक्क आपल्या कालिकतचा! कालिकतच्या माणसाने तो पक्षी बापजन्मात पाहिला नसेल. उत्तर हिंदुस्थानात साखरेला चिनी म्हणतात आणि खडीसाखरेला मिसरी, म्हणजे इजिप्तची. ज्याने वस्तू आणली किंवा आणली असे लोकांना वाटले, त्याचे नाव तिला चिकटते. आपल्या हापूसला नाही का अफोन्सो द आल्बुकेर्कचे नाव चिकटले?

तर डेन्मार्कात व्हिएन्नाचे नाव कोणी चिकटवले? सांगितली जाते ती हकीकत संपाची आहे.

साल १८५०. त्याआधीच्या वर्षी, ५ जून १८४९ रोजी, डेन्मार्कच्या राजाने राज्यघटनेवर सही करून अनियंत्रित राजसत्ता सोडली होती. दक्षिणेला श्लेसविग आणि होल्स्टाईनच्या प्रश्नावरून १८४८ पासून युद्ध चालू होते. राज्य बदलले होते, पण भटारखान्यातले राज्य जुनेच. बेकरीचा धंदा व्यवसायसंघांच्या मुठीत. मालक तो उस्ताद, त्याच्या हाताखाली कारागीर आणि पोरगे. राहणे मालकाकडे, जेवणे मालकाकडे, आणि तेच पगारात धरलेले. ही व्यवस्था नको, रोख मजुरी द्या, अशी मागणी करत कारागिरांनी काम बंद केले. मालकांनी काय केले, तर परदेशातून कारागीर आणले. त्यांत ऑस्ट्रियाचे होते. या नवख्यांना डॅनिश पद्धतीचा पाव येत नव्हता, त्यांनी आपल्या गावाकडचा केला, यीस्ट घातलेल्या पिठात लोण्याच्या घड्या घालून. गिऱ्हाइकांना तो आवडला. संप मिटला, डॅनिश कारागीर परत भट्टीपाशी आले आणि त्यांनाही तोच करावा लागला. करता करता त्यांनी अंडी वाढवली, लोणी वाढवले, आणि तो पार त्यांचा झाला. नाव मात्र तेच राहिले.

माझ्या मते सगळे श्रेय एकट्या संपाला देणे बरोबर नाही. व्हिएन्नाच्या पावाची तेव्हा युरोपभर फॅशनच होती. आउगुस्त त्सांग नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने १८३० च्या दशकाच्या शेवटी पॅरिसमध्ये रिशलिय रस्त्यावर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली होती आणि पॅरिसकर तिच्यावर तुटून पडले होते. फ्रेंच लोक आजही क्रोसाँ आणि त्याच्या भाऊबंदांना 'व्हिएनुआझरी'च म्हणतात. (हा त्सांग पुढे व्हिएन्नाला परतला आणि १८४८ साली त्याने 'दी प्रेस' हे वर्तमानपत्र काढले. पाववाला संपादक झाला. उलटे झालेले मी बरेच पाहिले आहेत.) तेव्हा संप झाला नसता तरी व्हिएन्नाचा पाव कधी ना कधी कोपनहेगनला पोचला असता. पण तो आला संपफोड्यांच्या हाताने, ही गोष्ट लोकांच्या स्मरणात राहिली.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. मी नोकरीला नवीन लागलो, प्रोबेशनवर होतो, तेव्हा आमच्या कचेरीत नऊ दिवसांचा संप झाला होता. कोणती कचेरी ते सोडा. मी संपात नव्हतो. रोज मागच्या दाराने आत जाऊन मस्टरवर सही करत होतो. घरी वडील आजारी होते, बहिणीचे लग्न ठरले होते, वगैरे वगैरे. कारणे प्रत्येकाला असतात. समोरच्या दारात घोषणा देणाऱ्यांत आमच्या सेक्शनचे हेडक्लार्क होते, ज्यांनी मला नोटिंग कसे लिहायचे ते शिकवले होते. संप मिटल्यावर ते वर्षभर माझ्याशी कामापुरतेच बोलले. आता ते निवृत्त आहेत. चवथीच्या बाजारात माटोळीचे सामान घेताना भेटतात, चांगले बोलतात, पोरांची चौकशी करतात. त्या नऊ दिवसांचा विषय मात्र दोघांपैकी कोणीही काढत नाही.

म्हणून १८५० च्या हकीकतीत सगळे लोण्याविषयी बोलतात, तेव्हा मला त्या ऑस्ट्रियन कारागिरांचा विचार येतो. कुठल्या गावचे असतील? त्यांना कोणी सांगितले असेल का, की तुम्ही दुसऱ्याच्या जागेवर उभे आहात? भाषाही कळत नसेल. आणि बाहेर उभ्या असलेल्यांचे काय झाले, त्यांना रोख मजुरी मिळाली का, हे पाककृतीच्या पुस्तकांत कोणी लिहीत नाही. डेन्मार्कात व्यवसायसंघांची मक्तेदारी मोडणारा कायदा १८५७ साली झाला, १८६२ पासून तो अमलात आला. मग ज्याला हवे त्याने दुकान टाकावे, असा काळ आला.

नावाची खरी परीक्षा पुढेच होती. १८६४ साली प्रशिया आणि ऑस्ट्रिया या दोघांनी मिळून डेन्मार्कवर स्वारी केली. डेन्मार्क हरला. श्लेसविग, होल्स्टाईन आणि लाउएनबुर्ग गेले आणि तो तह झाला ३० ऑक्टोबर १८६४ रोजी, कुठे म्हणाल, तर व्हिएन्नात! त्या देशाच्या मनावरची ती जखम फार खोल आहे असे तिथला इतिहास वाचताना जाणवते. आता सांगा, ज्या शहरात आपला मुलूख लिहून दिला, त्या शहराचे नाव रोज सकाळी बेकरीत उच्चारायचे? पण वीनरब्रोड वीनरब्रोडच राहिला.

उलट उदाहरणेही आहेत. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन सावरक्राउटला 'लिबर्टी कॅबेज' म्हणू लागले. २००३ साली इराक युद्धावरून फ्रान्सशी बिनसले तेव्हा अमेरिकी संसदेच्या उपाहारगृहात फ्रेंच फ्राइजचे 'फ्रीडम फ्राइज' झाले. आणि खुद्द डॅनिशवरही ती पाळी आली. सप्टेंबर २००५ मध्ये एका डॅनिश वृत्तपत्रात छापलेल्या व्यंगचित्रांवरून मुस्लिम जगात संताप उसळला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये इराणातल्या मिठाईवाल्यांच्या संघटनेने डॅनिश पेस्ट्रीचे नाव बदलून 'गुल-ए-मुहम्मदी' केले. म्हणजे महंमदाचे गुलाब. राग कोणाचा, नाव कोणाचे, आणि त्यात त्या बिचाऱ्या पिठाचा काय संबंध? गंमत अशी की स्वतः डॅनिश लोक त्या पदार्थाला डॅनिश म्हणतच नव्हते.

मग 'डॅनिश' हे नाव आले कुठून? ते अमेरिकेचे. एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कातून पुष्कळ लोक अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर त्यांचे बेकरीवालेही गेले. विस्कॉन्सिनमधले रसीन हे गाव त्यांपैकी एक. तिथे क्रिंगल नावाचा त्यांचा मोठा, अंडाकृती, आत भरपूर सारण असलेला प्रकार अजून होतो, आणि २०१३ साली विस्कॉन्सिनने त्याला राज्याची अधिकृत पेस्ट्री केले. लाउरित्स क्लिटेंग नावाचा एक डॅनिश बेकर तर १९१५ साली राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनच्या लग्नात आपण डॅनिश पेस्ट्री खिलवली असे सांगत अमेरिकाभर फिरला आणि शिकवत गेला. खरे-खोटे तो जाणे! आपल्याकडेही पेशव्यांच्या मुदपाकखान्यातले आचारी किती निघाले आहेत. पण पदार्थाला इंग्रजी नाव मिळाले, आणि ते पणजीच्या कॅफेपर्यंत आले.

डेन्मार्कशी आपला तसा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. आहे, आणि तो मराठीचा आहे. बंगालात हुगळीकाठचे श्रीरामपूर ही डॅनिशांची वसाहत, त्यांच्या भाषेत फ्रेडरिक्सनगोर. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देईना, म्हणून विल्यम कॅरी आणि त्याचे सोबती १८०० साली डॅनिश झेंड्याखाली गेले. तिथल्या छापखान्यात १८०५ साली कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले आणि १८१० साली मोडी लिपीतला मराठी कोश. पंडित वैजनाथ शर्मा त्याच्या मदतीला होते. मराठी मुद्रणाच्या इतिहासात हे पान डेन्मार्कच्या आश्रयाने लिहिले गेले. पुढे १८४५ साली, म्हणजे त्या संपाच्या पाच वर्षे आधी, डॅनिशांनी श्रीरामपूर आणि तमिळ किनाऱ्यावरचे त्रांकेबार साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकले. आपल्या पोर्तुगीजांना असे सुचले असते तर आपला इतिहास किती वेगळा झाला असता! असो.

आता लोण्याकडे वळू, कारण डॅनिश म्हणजे शेवटी लोणी. हे लोणी डेन्मार्कात पूर्वापार धोधो वाहत होते असे मात्र नाही. तो देश धान्य विकणारा. १८७० नंतर अमेरिका आणि रशियाचे स्वस्त धान्य युरोपात येऊन आदळले, भाव कोसळले. तिथल्या शेतकऱ्याने धान्य विकायचे सोडून ते गाईडुकरांना घातले आणि लोणी व डुकराचे मांस इंग्लंडला विकायला सुरुवात केली. १८८२ साली पश्चिम जटलंडमधल्या येडिंग गावी पहिली सहकारी डेअरी निघाली, आणि बघता बघता गावोगाव तसल्या डेअऱ्या झाल्या. गाय एक असो की पन्नास, मत एकच. आपण आणंदच्या गोष्टी अभिमानाने सांगतो, त्याच्या सहा दशके आधीची ही कथा.

पण एक मेख आहे. चांगले लोणी इंग्लंडला जायचे आणि घरचे लोक खायचे मार्गारीन! हे मार्गारीन १८६९ साली मेज-मूरिये या फ्रेंच माणसाने शोधले आणि डेन्मार्क त्याचा मोठा भक्त झाला. आपल्या कोकणात चांगला आंबा पेटीत जातो आणि घरी डागी उरतो, तोच न्याय. बेकरीतल्या वीनरब्रोडमध्येही मार्गारीन शिरले, ते लाटायला सोपे आणि उन्हाळ्यात वितळत नाही म्हणून. पुढे कळले की अशा घट्ट केलेल्या तेलातले ट्रान्स फॅट हृदयाला घातक. तेव्हा २००३ साली त्यावर कायद्याने दोन टक्क्यांची मर्यादा घालणारा जगातला पहिला देश कोणता? डेन्मार्कच. आपल्याकडे तीच दोन टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून आली. बेकरीतली खारी खाताना टाळूला मेणचट थर बसतो ना, तो डालड्याचा. आता खारी खाताना मी जरा विचार करतो. खातो मात्र.

तर आमचा प्रयोग. पहिला मे महिन्यात केला, हीच चूक. लोणी बत्तीस-पस्तीस अंशांना वितळते आणि आमच्या डिचोलीच्या स्वयंपाकघरात मेमध्ये तेवढीच हवा असते. लाटण्याखालून लोणी बाहेर आले, पीठ ओट्यावर पसरले, आणि भट्टीतून निघाली ती तुपात तळल्यासारखी जड भाकरी. सौभाग्यवतीने एक तुकडा मोडून आत पाहिले आणि म्हणाली, "अहो, हे तर चिरोटेच की. साटा थंड नको का?"

बरोबर बोलली! मी इतके दिवस इंग्रजी शब्दांत जे समजून घेत होतो ते तिने एका शब्दात सांगितले. चिरोट्यात पोळ्यांच्या मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतात, तो थर फुगून वेगळा होतो. डॅनिशमध्ये साटा म्हणजे लोण्याची सबंध लादी, आणि पोळी म्हणजे पावाचे पीठ. लोण्यात पंधरा-सोळा टक्के पाणी असते, भट्टीत त्याची वाफ होते आणि ती प्रत्येक पापुद्रा उचलते. त्याच वेळी यीस्ट आतून फुगवतो. चिरोटा आणि पोदेराचा पाव यांचे लग्न लावले की डॅनिश होते.

दुसरा प्रयोग डिसेंबरात, पहाटे. अर्धा किलो मैदा, पाव लिटर थंड दूध, एक अंडे, पन्नास ग्रॅम साखर, दोन चमचे इन्स्टंट यीस्ट, चमचाभर मीठ. जेमतेम मळायचे, फार तिंबायचे नाही, आणि तासभर फ्रीजमध्ये. लोणी अडीचशे ग्रॅम, बिनमिठाचे. दोन प्लास्टिक कागदांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकून ठोकून चौकोनी लादी करायची. वाकवली तर वाकली पाहिजे, तुटता कामा नये आणि बोटाला लागताही कामा नये. ती पिठाच्या पोळीत पाकिटासारखी बंद करायची, लांब लाटायची, पत्राची करतो तशी तीन पदरी घडी, पुन्हा फ्रीज. असे तीनदा. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. लोण्याचे सत्तावीस थर! कन्येने ते वहीत लिहून ठेवले, गणितात कधी एवढा उत्साह पाहिला नव्हता.

मग अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा थोडे पातळ लाटून दहा-दहा सेंटिमीटरचे चौकोन कापायचे. मध्ये सारण, आणि चारी कोपरे आत दुमडून मध्यभागी दाबायचे. या आकाराला डेन्मार्कात स्पँडाउअर म्हणतात, बर्लिनजवळच्या स्पँडाउवरून. तिथला किल्ला आणि तुरुंग प्रसिद्ध होता, आणि चारी बाजूंनी बंद झालेले सारण पाहिले की नाव पटते. म्हणजे डेन्मार्कातल्या व्हिएन्नाच्या पावाचे एक नाव बर्लिनकडचे! त्याचे टोपणनाव तर आणखी छान आहे, 'बेकरीवाल्याचा दुखरा डोळा'. मध्ये लाल जॅम घातला की खरेच डोळे आल्यासारखा दिसतो.

तिथे सारणाखाली 'रेमॉन्स' लावतात, लोणी आणि साखर फेसून, बरेचदा बदामाची गोळी घालून. आम्ही काजू वाटून घातले. वर निम्म्यांत कस्टर्ड, निम्म्यांत शेजारच्या आंटीने नाताळासाठी केलेला पेराद. सौभाग्यवतीने दोन चौकोन बाजूला घेऊन त्यात गूळखोबऱ्याचे चून भरले, आपले नेवऱ्यांत भरतो तेच. मी काही बोललो नाही.

भरल्यावर तासभर फुगायला ठेवायचे, पण उबेत नाही, नाहीतर पुन्हा मे महिना. अंडे लावून दोनशे अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे.

ते भट्टीत असताना मला आजी आठवली. माझ्या लहानपणी आमच्या घरात पाव यायचा, पण स्वयंपाकघरात नाही. पोदेराच्या सायकलचा पों पों ऐकला की मी धावत जाऊन उंडे घ्यायचो, आणि आजी आतून ओरडायची, "भायर बसून खा!" पाव विहिरीत टाकला आणि ते पाणी प्यालेले लोक बाटले, ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत सांगतात, आणि ती आजीच्या हाडात मुरलेली होती. पोदेर हा शब्द पोर्तुगीज पादेइरूवरून आला आणि पीठ फुगवायला तो आमच्याच माडाची सूर घालायचा. म्हणजे पाव परका आणि त्यातला जीव इथला. हे तिला सांगायला हवे होते. तिने ऐकले असते असे नाही, पण सूर म्हटल्यावर तिने आणखी दोन हात लांब ठेवला असता हे नक्की.

बाराच्या बारा उमलले. पेरादवाल्यांपैकी तीन उकलले आणि सारण ट्रेवर वाहून जळले. कन्या म्हणाली, "यांचे डोळे जास्तच दुखतायत." कस्टर्डवाले सर्वांत देखणे. चुनाचे दोन सौभाग्यवतीने एक स्वतः आणि एक मला असे वाटले, देव्हाऱ्याजवळच्या पाटावर बसून. एवढ्यात खाली पों पों वाजले, आणि सवयीने मी पिशवी घेऊन पोळ्या आणायला उतरलो.